पोर द्यायचं तर घर बघून

"घरात थोरलं कोण?"

फोन उचलला की मावशींचा पहिला प्रश्न हाच. तुमचं नाव नंतर, गाव त्याच्याही नंतर. मी बोईसरहून बोलतेय आणि मला लॅब्रॅडॉरचं पिल्लू हवंय, एवढंच माझं सांगून झालं होतं.

"सासूबाई आहेत," मी म्हटलं.

"त्यांना कुत्रं आवडतं?"

"खूप," मी म्हटलं. माझ्या सासूबाई शेजारच्यांच्या मांजरीलासुद्धा अंगणातून झाडू दाखवून हाकलायच्या. पलीकडून मावशी म्हणाल्या, "रविवारी या. बगू."

तुम्ही म्हणाल, कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढी उलटतपासणी कशाला? मलाही तेव्हा तेच वाटलं होतं. आमच्या कंपनीतल्या एका मैत्रिणीचा कुत्रा मावशींकडचा. तिनं आधीच बजावलं होतं, किंमत विचारू नकोस, फोन ठेवून देतील. आणि 'विकत' हा शब्द तर तोंडातून काढूच नकोस.

मावशींची चिकूची वाडी बोईसरजवळ, समुद्रकाठच्या दांडी गावाच्या अलीकडे. यजमान गेल्यापासून तिथं त्या आणि त्यांची सोनी अशा दोघीच राहायच्या. सोनी म्हणजे पिवळसर रंगाची, भरल्या अंगाची लॅब्रॅडॉर. ती एकदा व्याली की पुढं भरपूर दिवस तिला विश्रांती. "तीबी बाईच हाय ना. दर वर्षी काय बाळंतपण काढायचं तिचं?" असं मावशी येणाऱ्या प्रत्येकाला सुनवायच्या, आणि ऐकणाऱ्यांतल्या पुरुषांकडे जरा जास्त वेळ बघायच्या. या जातीत कमरेचं दुखणं आईकडून पिल्लांत उतरतं, म्हणून पहिल्या वेतापूर्वी त्यांनी सोनीच्या कमरेचा एक्स-रे काढून घेतला होता. तो त्या पाहुण्यांना खिडकीच्या उजेडात धरून दाखवायच्या, लग्नाचा अल्बम दाखवावा तशा.

मी गेले तेव्हा पिल्लं स्वयंपाकघरातच होती. कुकरची शिट्टी झाली तरी एकही दचकलं नाही. "पिंजऱ्यात कोंडून वाढवलेलं पोर मिक्सरला पन भितं," मावशी म्हणाल्या. एक गुबगुबीत पिल्लू धावत येऊन माझ्या मांडीवर चढलं. मी विरघळले. हेच द्या, म्हटलं.

"तो सगल्यांच्याच मांडीवर बसतो. निवडायचं काम माजं. आदी मला घर बगू द्या."

म्हणजे त्या येणार, घर बघणार, माणसं बघणार आणि मग कळवणार. आपल्याकडे मुलगी दाखवताना होतं तसंच, फक्त इथं दाखवायचं ते आम्हालाच. नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "पोहे करू का मग?" आणि खरोखरच केले.

मी त्यापेक्षा हुशारीचा बेत केला. सासूबाईंचं भजनी मंडळ चारला असतं, म्हणून मावशींना चारची वेळ दिली. मावशी साडेतीनलाच आल्या. रिक्षातून आधी सोनी उतरली, मग त्या. सासूबाई दारातच चपला घालत होत्या.

मावशींनी फाटकाखालची फट बोटांनी मोजली, गॅलरीचे गज हलवून पाहिले, स्वयंपाकघरात डोकावल्या. मग पोह्यांची बशी घेऊन सरळ सासूबाईंसमोर बसल्या.

"आजी, ही दोघं दिवसभर कंपनीत. पोर राहणार तुमच्यापाशी. तुमाला पायजे का?"

मी मागून सासूबाईंना डोळ्यांनी काय काय खुणावत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला नको," त्या म्हणाल्या. "कुत्रं अंगणात शोभतं. घरात केस, घाण. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आमच्यात असली थेरं नाहीत."

"मंग नाय," मावशी म्हणाल्या. पोहे संपवले, छान झाल्येत म्हणाल्या, सोनीला घेऊन उठल्या. जाताना सासूबाईंना नमस्कार करून म्हणाल्या, "खरं बोललात, बरं वाटलं. या घरात माजं पोर देनार नाय."

मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण गंमत अशी, की सासूबाईही बोलेनात. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नाही म्हणाली म्हणजे काय? आपल्या घरात कमी काय आहे?"

"अहो आई, तुम्हीच नको म्हणालात."

"मी नको म्हणेन. घर माझं आहे. तिनं नको म्हणायचं कारण काय? तीन मुलींची लग्नं केली मी. एकदाही नकार ऐकला नाही या घरानं. आणि आता कुत्र्यासाठी ऐकून घ्यायचा?"

मी भाजीत तोंड घातलं, नाहीतर हसू फुटलं असतं. नवरा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होता, ते तर मला बाहेर ऐकू येत होतं.

"रिक्षा बोलाव," सासूबाई म्हणाल्या.

वाडीत पोचल्यावर त्या पायरीही चढल्या नाहीत. उन्हात उभं राहून जाब विचारला. "आमच्यात काय कमी दिसलं, ते सांगा." मावशी सोनीचं अंग पुसत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कमी काय नाय. पोहे पन बरे व्हते. पन तुमाला नको ना."

"मला नको, ते माझं मी बघेन. तुम्ही का नाही म्हणता?"

मावशींनी खुर्ची पुढं सरकवली आणि नारळपाणी दिलं. सासूबाई रागातच बसल्या, रागातच प्यायल्या. पिल्लं भोवती धुडगूस घालत होती. त्यातलं एक, सगळ्यांत सुस्त, सासूबाईंच्या पायाशी आलं, लुगड्याच्या काठावर डोकं ठेवून झोपलं. सासूबाईंनी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी हलवला नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"याला उठवू नका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचं ठरलं."

पण लगेच घेऊन जाऊ देतील त्या मावशी कसल्या. पिल्लाला दोन महिने पुरे व्हायचे होते, सुया टोचून व्हायच्या होत्या. तोवर भेटायला या, म्हणाल्या. मी एकदा गेले. सासूबाई दर आठवड्याला जाऊ लागल्या. भजनी मंडळ बुडालं. जाताना डब्यात थालीपीठ, येताना पिशवीत चिकू. दोघी ओट्यावर बसून कुणाकुणाच्या सुनांबद्दल बोलायच्या. त्यात मीही असणार, पण पिल्लू घरी यायचं होतं, म्हणून मी कान बंद ठेवले.

घरी आणायच्या दिवशी मावशींनी सासूबाईंची चक्क ओटी भरली. सोनीच्या अंगाखालचं जुनं फडकं पिल्लाच्या गळ्याशी बांधलं, आईचा वास राहावा म्हणून. आणि बजावलं, "कवापन, कायपन झालं, जमलं नाय, तर रस्त्यावर सोडायचं नाय. माज्याकडे आनायचं. मी हाय तवर ह्याचं माहेर हाय." हे सांगितलं आणि त्या लगेच रिक्षावाल्यावर खेकसल्या, "भैया, गाडी धीरे चलाना, बच्चा है." बच्चा पुढच्याच वळणावर सासूबाईंच्या मांडीवर ओकला. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. लहान आहे."

चिकू हे नाव सासूबाईंनीच ठेवलं. मग सुरू झाले मावशींचे संध्याकाळचे फोन. जेवला का, शी घट्ट आहे का, जिना चढवत नाही ना. त्यांनी दिलेल्या प्रत्येक पोराच्या घरी त्या असा फोन करत. आम्ही साताऱ्याला गेलो की चिकू वाडीवर जायचा आणि परत यायचा तो वजन वाढवूनच.

गेल्या वर्षी मावशी आजारी पडल्या. सोनीही म्हातारी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. मावशींनी तिच्यासाठी घरं बघायला सुरुवात केली. कुणाच्या घराला जिना होता, कुणाची सून नाखूश होती. त्यांचा पालघरचा भाचा तिला न्यायला तयार होता, पण त्याची बायको नुसतीच "चालेल" म्हणाली होती. "चालेल बोलनाऱ्या घरात द्यायचं नाय," मावशी म्हणाल्या.

आमच्याकडे त्यांनी शब्द टाकला नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले, हे त्यांना माहीत होतं. आणि कुत्रं कुणाच्या गळ्यात मारायचं नाही, मागणी समोरून यायला हवी, ही त्यांची रीत. इकडे सासूबाई रुसून बसल्या होत्या. "एवढ्या जणांना विचारलं, मला एका शब्दानं नाही. मी का आपणहून म्हणू?" दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या आणि मावशी गेल्या. मला आजही त्या दोघींचा राग येतो.

दहाव्याला समुद्रावर आम्ही गेलो. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण सासूबाई काठी टेकत वाळूतून चालत निघाल्या. त्यांना अडवायची कुणाची छाती? भाच्यानं पिंड मांडला. सुरूच्या झाडांवर कावळे मोप होते, पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. भाचा म्हणाला, वाडी विकणार नाही. कावळे बसून राहिले. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध व्यवस्थित करू. कावळ्यांनी मानही वळवली नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. पिंडाशी वाकून, शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, "अहो, सोनी माझ्याकडे येणार. मला हवी आहे. 'चालेल' नाही म्हणत, हवी आहे. आता तरी ऐका." मी त्यांचा दंड धरला.

कावळे होते तिथंच होते. पण भाच्यानं सोबत आणलेली, रिक्षाजवळ पडून राहिलेली सोनी उठली. हुंगत हुंगत, वाट चाचपत आली, आणि कुणी हात पुढं करायच्या आत तिनं पिंड खाऊन टाकला. पान चाटून स्वच्छ केलं.

सगळे गुरुजींकडे बघू लागले. गुरुजींच्या हातात अर्धा वळलेला दर्भ तसाच. ते चाचरत म्हणाले, "आजी, कावळा शिवावा लागतो हो."

"कावळा त्यांचा कोण लागतो?" सासूबाई म्हणाल्या. "घरचंच माणूस शिवलंय. चला, हात जोडा."

गुरुजींनी दर्भ खाली ठेवला आणि हात जोडले. सोनीच्या नाकाला भाताची शितं चिकटली होती. सासूबाईंनी ती पदरानं पुसली आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. हिला चालवणार नाही."