फाटकापासून वीस मिनिटं

आमच्या सुलक्षणाताईंना खोटं बोलता येत नाही. आमटी खारट झाली असली तर पहिल्या घासालाच म्हणणार, "नीना, मीठ जास्त झालंय गं." नागपूरहून ग्लासगोला येऊन तीस वर्षं झाली, हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढण्यात नोकरी संपली, पण रोज सकाळी पंचशील म्हणणं कधी चुकलं नाही. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तर अंगात इतकं मुरलंय की कधीकधी माझ्या डोक्यात जातं.

रिटायर झाल्यावर त्या डोंगर हिंडायला आणि आमच्या मंडळाच्या अंकात त्यावर लिहायला लागल्या. लेखन झकास, पण पत्ता सविस्तर सांगायची आपली खोड काही सुटत नाही. गाडी कुठे लावायची, कोणत्या फाटकातून शिरायचं, टॉयलेट कुठे, सगळं. लोक लेख वाचायचे ते त्यासाठीच.

गेल्या वर्षी मंडळातल्याच सोळा वर्षांच्या तनूने त्यांना ऑस्प्रेचं घरटं दाखवलं. ऑस्प्रे म्हणजे तळ्यात झेप घालून मासा उचलणारा, दरवर्षी त्याच घरट्यात परतणारा पक्षी. त्याची अंडी चोरणारे शौकीन इथे अजून आहेत, म्हणून तनू तीन वर्षं त्या घरट्यावर पहारा देत होती. "मावशी, कोणाला सांगू नको हं," ती म्हणाली होती. ताईंनी सांगितलं नाही. फक्त मराठीत लिहिलं. इथे मराठी कोण वाचतंय, असं आम्हा दोघींना वाटलं. मग मीच अतिशहाणी. त्यांना न विचारता लेखाचं इंग्रजी केलं आणि पुरस्काराला पाठवून दिलं.

हा पुरस्कार दर मे महिन्यात, दुपारच्या जेवणात देतात: एक शिकाऱ्याला, एक रानावर लिहिणाऱ्याला, एक वन्यजीव जपणाऱ्या मुलाला. यंदा लेखनाचा ताईंना आणि मुलांचा, तळ्याकाठचा कचरा उचलल्याबद्दल, तनूला. मी आनंदाने नुसती फुगले होते.

हॉटेलात प्रत्येक ताटाशेजारी एक पुस्तिका होती. ताईंनी उघडली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आत अख्खा लेख छापला होता. फाटकापासून वीस मिनिटं, मग वाकडा पाइन, मग डावीकडे.

"नीना, अंडी आत्ताच घातली असतील गं."

शंभरावर पुस्तिका. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस नेमक्या त्याच पानाचा फोटो काढत होता. समोर बसलेल्या तनूनेही ते पान वाचलं होतं. ती रडली नाही, नुसती ताईंकडे बघत राहिली. ते मला रडण्याहून वाईट वाटलं.

ताईंचं नाव पुकारलं. त्या माइकपाशी गेल्या.

"ते घरटं खरं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी पाहिलेलंच नाही. मनाने रचलंय."

परीक्षकबाई गोंधळल्या. हा पुरस्कार डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणाऱ्यालाच, त्या म्हणाल्या. मग शिकाऱ्याचा पुरस्कार मिळालेल्या मिस्टर मॅकफींकडे वळल्या. पंच्याहत्तरीचा हा म्हातारा चाळीस वर्षं त्याच डोंगरावर हरणांमागे फिरलेला.

"डोंगर तुमच्या पायाखालचा. आहे का हो तिथे घरटं?"

मी जीव मुठीत धरून बसले. ह्या माणसाला माहीत नसेल असं होणंच शक्य नव्हतं. त्याने ताईंकडे पाहिलं. मग तनूकडे, बराच वेळ.

"कावळ्याचंसुद्धा नाही," तो म्हणाला.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाने पुस्तिका खुर्चीवरच टाकली. ताईंची पुरस्काराची ढाल टेबलावर राहिली. आम्ही निघालो तेव्हा कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. कारपार्कमध्ये मात्र मॅकफी खिडकीशी वाकला. "तीन अंडी आहेत. पोरीला सांगा, सकाळची पाळी माझी." तनू मागच्या सीटवर हुंदके देऊन रडायला लागली.

माझी भीती काही गेली नाही. कोणी मुद्दाम जाऊन बघितलं तर? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ताईंकडे पळाले. त्या बुद्धमूर्तीपुढे पंचशील म्हणत होत्या. तिसरं झालं आणि त्या थांबल्या. मी दारातच उभी राहिले. बाजूला ठेवलेल्या फोनवर तनूचा मेसेज वाजला: "मावशी, तीन एग्ज आहे अजून."

ताईंनी तो दोनदा वाचला. डोळे पुसले. मग हात जोडून एकदम पाचवं शील म्हणाल्या.