पिसवा वेचणारी केराबाई

आमच्या घरासमोर भुसाराची वखार होती. केराबाई तिथे झाडलोट करी आणि वखारीच्याच ओसरीवर राही. ती वळसंगकडची धनगरीण. नवरा वारला, दुष्काळात मेंढरे गेली, तेव्हा एका घोंगडीनिशी सोलापुरात आली. वखारीत उंदरांच्या मागे आलेली नऊ-दहा मांजरे होती. कुणी पाळलेली नव्हती. केराबाईने ताकात कुस्करलेली भाकरी खात आणि माणूस जवळ आले की पोत्यांच्या थप्पीवर पळत. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "मांजरं बेवारशी आणि त्यांची आईही बेवारशी!" केराबाईच्या कानावर गेले तर ती हसे. "व्हय की, एकाच घरची हावोत आमी."

एकदा ती दारात येऊन उभी राहिली. माझी लिंगपूजा चालली होती, म्हणून बोलेना. पूजा आटोपल्यावर म्हणाली, "अक्का, मांजराच्या पिलांची पोटं नगाऱ्यावानी झाल्यात. जंत हायेत. मेंढराला काय द्यायचं ते मला ठावं हाय, पन ह्या मुठीएवढ्या जिवाला किती द्यायचं?"

आमच्या मुलांसाठी मी डब्यात वावडिंग ठेवीत असे. त्याची पूड केली आणि तान्ह्याला देतात तेवढी चिमूट तुपात कालवून दिली. तिसऱ्या दिवशी ती ओरडतच आली, "पडले की अक्का! शेवयावानी लांब लांब!" त्या दिवशी आमच्याकडे नेमका शेवयांचाच बेत होता. सासूबाईंनी वाटी बाजूला सारली ती सारलीच.

पुढच्याच महिन्यात शहरात प्लेगची कुणकुण सुरू झाली. उंदरांच्या पिसवांतून गाठ येते, असे दवंडीवाला पेठेपेठेतून सांगून गेला होता. वखारीत तर पिसवांनी कहर केला होता. हमालांच्या पिंढऱ्या चाव्यांनी लाल झालेल्या. मांजरे दिवसभर कान खाजवीत बसलेली. वखारीचे दिवाणजी मडिवाळप्पा थप्पीवर घटकाभर बसले आणि धोतरावरच्या पिसवा झटकीत ओसरीवर येऊन म्हणाले, "केराबाई, हमाल आत पाय टाकेनात. सोमवारपर्यंत पिसवा गेल्या तर बरं. नाहीतर ही मांजरं पोत्यात घालून वळसंगच्या माळावर सोडणार. मारणार नाही, ते पाप मला नको."

"आन उंदरं?"

"पिंजरे आणीन."

"आना. पिंजऱ्यात खारी बुंदी ठिवून तुमीच राखन बसा."

हमाल खो खो हसले. दिवाणजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार रिकामी पोती आणि सुतळी ओसरीच्या कोपऱ्यात येऊन पडली.

केराबाईला जन्मभराची एकच विद्या होती, मेंढरांची. मेंढराला गोचीड झाली की तंबाखू उकळून त्या पाण्याने अंग धुवायचे. तिने तेच केले. मांजरावर घोंगडी टाकायची, तोंड तेवढे बाहेर ठेवून गुंडाळायचे, आणि एकेक अंग उघडून धुवायचे. एक तांबडी मांजरी आणि एक बोका, अशी दोन मांजरे धुऊन झाली. पिसवा टपाटप गळल्या. तिला आनंद झाला.

पण मेंढरू अंग चाटत नाही, मांजर चाटते. घटकाभरात तांबड्या मांजरीच्या तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. केराबाईने मला हाक मारली तेव्हा मी धावत गेले. आम्ही दोघींनी त्या बोक्याला कोमट पाण्याने पुन्हापुन्हा धुतले, फडक्याने पुसून काढले. तो वाचला. तांबडी गेली.

केराबाई रडली नाही. मांडीवर तांबडीला घेऊन बसली आणि म्हणाली, "इतकी वर्सं हिनं हात लावू दिला न्हाय. आज लावू दिला, तर मी असं केलं." मी शिवाचे नाव घेतले आणि शेजारी बसले.

सोमवारला चार दिवस राहिले होते. ती औषधाला हात लावेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या लेकीच्या, चन्नम्माच्या डोक्यातल्या लिखा फणीने काढीत उंबऱ्यात बसले होते. केराबाई समोरून एकटक बघत होती. एकदम उठून आली.

"अक्का, असं दातांनीच काढलं, तर वशिद कशाला पायजे?"

मी फणी तशीच तिच्या हातात दिली. सासूबाई आतून कडाडल्या, "लेकीची फणी मांजराला? उद्या ताटही देशील!" मी म्हटले, "लेकीला नवी आणू."

मग ती फणी थांबलीच नाही. घोंगडीत मांजर, शेजारी कढत पाण्याचे भांडे. फणी मानेपासून शेपटीपर्यंत न्यायची, पाण्यात झटकायची. काळ्या पिसवा बुडाल्या की पुढचा हात. मांजरांनी तिचे दोन्ही हात ओरबाडून काढले, मी हळद लावून देई. उरल्या वेळात तिने पोती उन्हात टाकली, फटी झाडल्या, जमीन सारवली, कडुलिंबाचा धूर केला. हमाल आधी चेष्टा करीत. शनिवारी त्यांतलाच एक मुकाट्याने पोती उचलू लागला.

सोमवारी दिवाणजी सिद्धरामेश्वराचे दर्शन घेऊन पांढऱ्याशुभ्र धोतरात आले. धोतर सारखे करून थप्पीवर बसले, पाय खाली सोडले आणि पान लावले. पांढऱ्यावर काळी पिसू लपत नाही. पान संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले. केराबाई त्यांच्या तोंडाकडे न बघता धोतराच्या काठाकडेच बघत होती.

ते उठले. धोतर झटकले. "दोन."

"मागल्या खेपेला विसाच्या वर होत्या, दिवाणजी," पोती उचलू लागलेला तो हमाल म्हणाला.

दिवाणजींनी कोपऱ्याकडे बोट केले. "ती पोती ज्वारी भरायला घ्या." मग केराबाईला म्हणाले, "पुढच्या सोमवारी पुन्हा बसणार मी."

"बसा की. पन धोतर पांढरंच नेसा."

ते गेल्यावर मला वाटले, आता तरी ती जरा पाठ टेकेल. तिने घोंगडी झटकली आणि थप्पीवरच्या बोक्याकडे सरकली.

"ह्याची मान ऱ्हायलीया, अक्का. त्या दोन ह्याच्याच असनार."