दाखल्यातला तिसरा शब्द

गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात मी अकरा वर्षं पुठ्ठ्याची खोकी बनवली. शेवटची चार वर्षं तर पॅकिंगच्या बायकांचं सगळं मीच बघायचे, पगार मात्र हेल्परचा. शेवटी कंटाळून दुसरीकडे सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज केला. त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला.

शेठनी दाखला दिला, कौतुकाने दिला. इंग्रजीत लिहिलं होतं की ही बाई हार्डवर्किंग आहे, पंक्च्युअल आहे आणि डोसाइल आहे. पहिले दोन शब्द मला येत होते. तिसरा मोबाइलवर शोधला. गरीब स्वभावाची, सांगाल ते निमूट ऐकणारी, वळवाल तशी वळणारी. माझं डोकंच फिरलं. बायकांच्या संडासाला कडी नव्हती, तेव्हा अर्धा दिवस मशीन बंद पाडणारी बाई मीच होते. कडी त्याच संध्याकाळी लागली. एवढं शेठ विसरले कसे?

आई पाचूबंदरला मासळी विकते. तिला अर्थ सांगितला तर ती पाटीवरची नजर न काढता म्हणाली, "आमचं तू कधी ऐकलं नाय, तं त्या शेठचं ऐकनार?"

मी परत गेले आणि शेठना म्हटलं, हा शब्द काढा. ते हसले. सगळ्या बायकांना ते असंच लिहून देतात म्हणे, उलट त्यानेच नोकरी लागते. शिवाय सही-शिक्का झालाय. नवा कागद काही देईनात.

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण बायकांसाठी मी तिथेही भांडणारच होते, मग आधी गरीब गाय बनून कशाला शिरायचं? पेन घेतलं आणि तो शब्द खोडला.

मुलाखतीतल्या साहेबांनी कागद उजेडात धरून बघितला. खाडाखोड केलेला दाखला चालत नाही, म्हणाले. कुणी खोडलं, तेही विचारलं.

"मीच. आय ॲम नॉट डोसाइल, सर," मी म्हटलं. "तशीच बाई हवी असेल तर आत्ताच सांगा. घरी कोलंबी सोलायची पडलीय."

ती जागा मला मिळाली नाही. वाईट वाटलं, घरी येऊन रडलेसुद्धा. गोखिवऱ्याला मात्र परत गेले नाही. पुढच्या ठिकाणीही हाच दाखला, असाच खोडलेला, टेबलावर ठेवणार आहे. ज्याला चालेल त्याच्याकडेच काम करीन.