खुंटीवरच्या दोन थैल्या

माझ्या साखरपुड्यात मी होणाऱ्या सासऱ्यांसमोर थैलीतून तिरडी बांधायचं सामान काढून मांडलं. कोणाला हे अभद्र वाटत असेल तर खुशाल वाटो! ज्या बाईची ती थैली होती, तिनं अभद्र-बिभद्र कधी मानलं नाही. मग मी काहून मानू?

ती बाई म्हणजे माझी आई. जबलपूरच्या खमरिया कारखान्याच्या क्वार्टरांत सगळे तिला माई म्हणायचे. नवी राज्यं झाली तेव्हा आमचं नागपूर तिकडं महाराष्ट्राकडं गेलं, आम्ही जबलपुरात इकडंच राहिलो, आणि हाकेसरशी धावून येणारे नातेवाईक सगळे सीमेपलीकडं! मग कोणाकडं बाळंतपण, बोलवा माईला. कोणाकडं मयत, बोलवा माईला. ती आमच्या पोळ्या लाटून, झाकून मगच निघायची. वरणाची फोडणी तेवढी बाबांवर सोडायची. (आम्ही भावंडं जळक्या फोडणीवरच वाढलो. तब्येती ठणठणीत आहेत.)

दारामागच्या खुंटीवर तिच्या दोन थैल्या कायम भरलेल्या. एकीत हळदकुंकू, खण, नारळ, सुपाऱ्या. दुसरीत कोरं पांढरं कापड, सुतळी, काळे तीळ, मडकं आणि नर्मदेच्या पाण्याची बाटली. दोन्ही थैल्या एकाच जुन्या पडद्यातून शिवलेल्या, आणि मुद्दाम सारख्या! "मयतीची थैली ओळखू आली, तर मी रस्त्यानं निघताच बायका रडायला लागतील," असं तिचं म्हणणं होतं.

माझ्यासाठी ठरलेली मुलगी जवळच्याच रांझीची, नाव सुमन. तोवर मला नकार दिलेल्या मुलींचं एक भजनी मंडळ उभं राहिलं असतं, त्यामुळे हा होकार आमच्या घरात तळहातावरच्या फोडासारखा जपला जात होता. साखरपुड्याला निघालो, आणि बस स्टॉपवर आईनं कपाळावर हात मारला.

"वसंता, थैली राहिली! पळ, खुंटीवरची आण!"

पळालो. बघतो तर थैल्या दोन. स्टॉपवरून बाबा ओरडून राहिले होते, "अरे, बस आली!" मी डोकं चालवलं. (इथंच घात झाला!) साखरपुडा म्हणजे सामान जास्त, सामान जास्त म्हणजे थैली जड. जड होती ती उचलली.

रांझीला बैठक भरलेली. सुमन जरीच्या साडीत पाटावर. तिचे बाबा म्हणाले, "चलो, ओटीचं सामान काढा."

मी ऐटीत थैलीत हात घातला. आधी सुतळी निघाली. वाटलं, नारळाला बांधत असतील. मग काळे तीळ. मग मडकं. शेवटी पांढरं कापड ओढायला लागलो, तर ते संपेचना!

सुमनचे मामा ताडकन उठले. "ये क्या है जी? साखरपुड्यात मयतीचं सामान? अपशकुन! लग्न नाही होत आता!"

 आता आई हात जोडणार, असं वाटलं. छट्! तिनं पदर खोचला.

"थैली चुकली, ते पोराचं चुकलं. पण अपशकुन कशाला म्हणता, भैया? ह्याच हातांनी मी आमच्या लायनीतली लेकरं न्हाऊ घातली, ह्याच हातांनी म्हाताऱ्या न्हाऊ घातल्या. लेकराच्या वेळी पेढे देता, अन् म्हातारीच्या वेळी नाक मुरडता? मी माफी नाही मागत. लग्न मोडायचं तर मोडा!"

मोडा?! अगं आई, लग्न माझं आहे! मी तिचा पदर ओढला. तिनं माझा हात झटकला.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून सुमनच्या आजीनं मला खूण केली. "ते कापड आण इकडं." मी नेलं. आजीनं ते दोन बोटांत चोळून पाहिलं.

"सुती आहे ना? मले टेरीकॉट नको हो. उन्हाळ्यात गेली तर?"

मग आजी आईकडं वळली.

"माई, माझ्या वेळी तू येशील?"

"येईन की! पण घाई काहून करता?"

"मग झालं तर!" आजी मामांवर खेकसली. "अशी विहीण सोडून राहिला का रे? तुला न्हाऊ घालता येते मला?"

मामा खाली बसले. साखर त्यांच्याच डब्यातली घेतली, पुडा वर्तमानपत्राचा केला. आमच्या थैलीतून कामी आली फक्त ग्वारीघाटावरून भरलेली नर्मदेच्या पाण्याची बाटली. आईनं तिच्यातलंच पाणी आम्हा दोघांवर शिंपडलं.

आजीनं पुढं कैक उन्हाळे काढले. दर संक्रांतीला विचारायची, "माई, माझं कापड ठेवलं आहे ना?" तिच्या वेळी आई ती थैली घेऊन रांझीला धावली. आणि आईच्या वेळी ती थैली सुमननं उघडली, कोणालाही न विचारता, पदर खोचून. त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो, आणि मला त्याची मुळीच लाज नाही.

दोन्ही थैल्या आता सुमनच्या आहेत. मला त्यांना हात लावायची बंदी आहे. फोडणी माझ्याकडं आहे, आणि ती जळते.

परवा मामा जेवायला आले. जळकं वरण भुरकत म्हणाले, "काही म्हण सुमन, त्या दिवशी अपशकुन झालाच होता."

"झाला होता ना मामा," सुमन म्हणाली, "पण तो थैलीत नव्हता. थैली घेऊन आला होता!"