घोडबंदर ते मोहने, बिनताकाची कढी घेऊन

घोडबंदर रोडवरून रविवारी सकाळी सातला निघालात तर मोहन्याला साधारण सव्वा तासात पोचता. नऊनंतर निघालात तर देव जाणे. एवढंसं हे अंतर मी दीड वर्षं कापलं नाही. कुणी विचारलंच तर ट्रॅफिकचं नाव पुढे करायचे. खरं कारण वेगळं होतं. मला मावशीला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

कॉलेजची तीन वर्षं मी मोहन्याला तिच्याकडे राहिले. काका तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद झाला, हे दोघं तिथेच राहिले. मावशी मूळची जुन्नरकडची. मला ताप येवो, पेपर अवघड जावो, नाहीतर मैत्रिणीशी भांडण होवो, तिच्याकडे उपाय एकच होता, मऊ भात आणि ताकाची गरम कढी. ओट्याशी उभं राहून वाटीतूनच पिऊन टाकायची असली कढी.

चार वर्षांपूर्वी मी व्हीगन झाले. दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. निर्णयाचा पश्चात्ताप नाही, तेव्हाच्या माझ्या तोंडाचा आहे. मी भेटेल त्याला शिकवत सुटले होते. साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात असं कुठेतरी वाचलं, तेही मावशीला फोनवर ऐकवलं. खरं-खोटं तपासायच्या आधीच.

दीड वर्षापूर्वी तिचा फोन आला, "अगं ये लवकर, तुझी कढी जमली!" तिने शेंगदाण्याचं दूध काढून त्याचं दही लावलं होतं. तीनदा बिघडलं, चौथ्यांदा लागलं. मी गेले त्या दिवशी तिच्या मुलाच्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी जेवायला आलेली. सगळ्यांआधी तिने माझ्यापुढे वाटी ठेवली आणि बघत उभी राहिली. वाटी तोंडाशी नेली आणि वास आला. ताक नव्हतं, पण फोडणी हाताच्या सवयीने साजूक तुपाची पडली होती. तिच्या लेखी तूप म्हणजे दूध नव्हतंच, ते फोडणीचं सामान होतं.

मी वाटी सरकवली. "तूप कशाचं असतं मावशी? इतकं साधं कळत नाही तुला?"

नव्या व्याह्यांसमोर. मावशी "चुकलं गं माझं" म्हणाली आणि आत गेली. काकांनी माझी वाटी ओढून घेतली आणि मुकाट्याने संपवली.

तर आता दीड वर्षाने तिच्याकडे जाताना कढी मीच करून न्यायची ठरवली. ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी सांगते. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून दूध काढा आणि उकळा. कोमट झालं की हिरव्या मिरचीचे देठ टाकून झाकून ठेवा. सात-आठ तासांत दही लागतं. ते घुसळून बेसन लावा, आलं-मिरची ठेचून घाला, वरून जिरं, हिंग, मेथीदाणे आणि कढीपत्त्याची तेलाची फोडणी. मंद आचेवर गरम करा आणि ढवळणं थांबवू नका. माझी पहिली फुटली कारण मी ऑफिसचा मेसेज बघायला गेले.

रविवारी डब्याला शेजारच्या सीटवर बेल्ट लावून निघाले. कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत माजिवड्याला नाशिक हायवे धरला. राजनोलीच्या नाक्यावर कल्याणकडे वळायचं. रस्ता आता बरा आहे, पण ट्रकवाल्यांच्या मागे संयम ठेवावा लागतो. वळणानंतर एका टपरीवर मिसळ खाल्ली. तर्री झकास होती, दही वेगळं येतं, ते नको म्हणून सांगायचं. चहाही कोरा मागितला.

"दूध नको, दही नको. मॅडम, डॉक्टरनी बंद केलंय काय?" मालकाने विचारलं.

"नाही हो, मीच बंद केलंय."

"मग घरच्यांची वाट लागली असेल," तो हसत म्हणाला. मीही हसले. चहा मात्र अर्धाच टाकून निघाले.

दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणात शिरले. तिथून शहाडवरून मोहने. गाडी नसेल तर शहाड स्टेशनवरून रिक्षा मिळतात. उल्हास नदीवर जलपर्णी इतकी पसरली होती की पाणी दिसेना.

मावशीने दार उघडलं. "आलीस? ट्रॅफिक लागलं का?"

टीपॉयवर केळी, चिकू आणि बिस्किटांचा पुडा मांडून ठेवला होता. "दुकानदाराकडून पुड्यामागचं सगळं वाचून घेतलंय. दूध नाही यात," ती म्हणाली. स्वयंपाकघरातून कसलाच वास येत नव्हता. जेवण हॉटेलातून येणार होतं. "त्याला बजावलंय मी, सगळं तेलातच कर."

"मावशी, मी तुझ्या हातचं जेवायला आले गं."

"नको बाई. परत काहीतरी चुकायचं माझ्याकडून."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण ती मनापासून घाबरून बोलत होती.

मी डबा उघडून कढी तिच्या गॅसवर ठेवली. तशी ती पटकन मागे आली. "उकळी नको आणूस, फुटेल!" तेवढा एक क्षण जुनी मावशी दिसली.

जेवताना काका म्हणाले, "बरीये. शेंगदाणा कळतो जरा." मावशी म्हणाली, "छान झालीये हो." आमच्यात हे 'हो' कधी नव्हतं. ते ती पाहुण्यांना लावते.

भांडी आवरताना मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी फार वाईट वागले. चुकलं माझं."

ती ओटा पुसत राहिली. "अगं, तुमचं बरोबरच होतं. मलाच कळायला हवं होतं." तोच तोच कोपरा तिने दोनदा पुसला.

पूर्वी या घरातून निघताना माझ्या दोन्ही हातांत पिशव्या असायच्या. लाडू, मेतकूट, मिरगुंडं. या वेळी तिने माझा डबा धुतला, कोरडा केला आणि तो हातात धरून फळीकडे बघत उभी राहिली.

"अगं, रिकामा नको देऊस," काका बाहेरून म्हणाले.

तिने साखरेची बरणी काढली. चमचा भरला आणि थांबली. "साखर तरी चालते ना गं तुला? मागे काहीतरी म्हणाली होतीस."

"चालते, मावशी."

तिने एक चमचा साखर घातली. शेजारणीचा डबा परत करताना घालते, तेवढीच. मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि सावकाश जा म्हणाली.

परतीला दोन तास लागले. संध्याकाळी घोडबंदरची कोंडी नेहमीसारखीच होती. रस्ता, मिसळ आणि नदीसाठी ही चक्कर जरूर करा. आणि तिकडे तुमचं कुणी असेल तर ट्रॅफिकचं कारण देत बसू नका.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा कढी केली. मावशी शेवटी चिमूटभर साखर घालते हे आठवलं, मग डब्यातलीच घातली. यावेळी चव जवळजवळ तिच्यासारखी लागली. मला राहवेना, लगेच फोन केला.

"मावशी, जमली गं कढी!"

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिने घोडबंदरच्या ट्रॅफिकची चौकशी केली.