शेषरावांच्या दोन पट्ट्या

रेल्वेच्या डब्यांत सुतारकाम करणाऱ्याने आकाशाकडे बघू नये, असा काही नियम नाही. पण तो असावा, असं शेषरावांच्या बायकोला, कलावतीला, फार वाटे. भुसावळहून बदली होऊन दोघं जयपूरला आले, शास्त्री नगरात राहिले, आणि ड्यूटी सुटली की शेषराव सांगानेरकडच्या एका शेडमध्ये रमू लागले. तिथे नीलकंठ नावाचे इंजिनिअर ग्लायडर बनवत होते. लाकडी, बिनइंजिनाचं, वाऱ्यावर तरंगणारं विमान. नकाशे एका परदेशी कंपनीचे होते, बनवायची परवानगीही तिचीच. त्याचे पंख शेषरावांनी घडवले. ते उडताना एकदा डोळे भरून बघायचं, बाकी त्यांना काही नको होतं.

पण हाताला सवय रेल्वेची. डब्याची फळी बारीक वाटली की मागून पट्टी लावायची. तक्रार कोण करतो? पंखाच्या मुळाशी लाकूड नकाशाबरहुकूम होतं, तरी आत माणूस बसणार म्हणून शेषरावांचा जीव राहीना. त्यांनी गुपचूप दोन पट्ट्या चिकटवल्या. तपासणीला सरकारी साहेब आले, तेव्हा कौतुकाने स्वतःच दाखवल्या. नकाशाबाहेरचा बदल मूळ कंपनीने मान्य करायला हवा, असं साहेबांनी लिहून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मूळ कंपनी तोवर बुडाली होती, तिचे नकाशे दुसरीने विकत घेतले होते. बदल मान्य करायचा हक्क आता त्या दुसरीचा, आणि तिला या जुन्या विमानाचं सोयरसुतक नव्हतं. तिने सरळ नाही म्हणून कळवलं.

"नकाशे त्यांचे, म्हणून आपण बदल करू शकत नाही," नीलकंठ म्हणाले. "आणि बदल केला, म्हणून ते या विमानाला आपलं म्हणत नाहीत. मतलब, उडायचं प्रमाणपत्र मिळणार नाही, शेषराव."

"पट्ट्या काढतो, साहेब."

"पंख फोडावा लागेल."

"मी तर मजबूतच केलं होतं."

"ठाऊक आहे मला," नीलकंठ हळूच म्हणाले.

शेवटी ते ग्लायडर एका कॉलेजला द्यायचं ठरलं, हॉलच्या छताला टांगायला. न्यायच्या दिवशी कलावतीही आली. भर वैशाख, तापलेला वारा सुटलेला. ग्लायडर मैदानात आणून नाकाशी दोराने खुंटीला बांधलं होतं, एक पंख जमिनीला टेकलेला. शेषराव आत जाऊन बसले. एवढी वर्षं वाट पाहिली, आता टांगलेलं बघायचं, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

"तो पंख जरा उचलून धर," ते म्हणाले.

तिने कुरकुरत धरला.

"आता सोड."

तिने हात काढला. पंख खाली आला नाही. विमान वळवायचा दांडा शेषरावांच्या हातात वाऱ्याने थरथरत होता, दोर ताणला होता.

"उतरा आता. लोक बघतायत."

"थांब जरा. मला इथून दिसत नाही गं. तिकडून कसं दिसतंय?"

कलावतीने वाळूत रुतलेल्या चाकाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"उडतंय," ती म्हणाली.