लाइनीत हवा

मिस्त्रींच्या पायाला भिंगरी होती हे खरं, पण चाळीस वर्षं ती कामाला जुंपलेली होती म्हणून घरात कुणाला तिचा त्रास नव्हता. नळजोडणीचं काम. सकाळी सातला हत्यारांची पिशवी खांद्याला, आणि मग आज या मजल्यावरचं बेसिन, उद्या त्या गच्चीवरची टाकी. एके दिवशी शिडी सरकली, गुडघा गेला, डॉक्टरांनी चढउतार बंद म्हणून सांगितलं आणि भिंगरी दोन खोल्यांच्या घरात येऊन फिरायला लागली.

कामात हा माणूस नाकावर माशी बसू देत नसे. जोड पक्का झाला की त्याखाली वर्तमानपत्र अंथरायचं आणि पाव तास शेजारी बसून राहायचं, ही त्यांची पद्धत. घरमालकीण म्हणायची, झालं ना, निघा आता. मिस्त्री हलायचे नाहीत. कागद कोरडा राहिला तरच हत्यारं पिशवीत. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायचेच. "गळती निदान दिसते. लाइनीत हवा धरली की दिसत नाही, आणि जीव खाते." पाइपात हवा अडकली की पाणी वर चढत नाही, नळ खोकतो, टाकी अर्धीच भरते. ही हवा बाहेर काढण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता.

आता घरी बसून त्यांनी पंधरा दिवसांत स्वयंपाकघरातला नळ चार वेळा उघडला. बायको शिवणकाम करायची. बाल्कनीच्या दाराशी तिचं मशीन होतं. तिथूनच ती म्हणाली, "अहो, त्या बिचाऱ्या नळाला आता तरी सुखानं जगू द्या."

नळ सोडला तर ते खिडकीशी उभे राहायचे. खिडकी सोडली तर जिन्यापर्यंत जाऊन परत यायचे. जेवताना मध्येच उठायचे आणि उठल्यावर कशाला उठलो ते आठवत नसे. हे सगळं लेकीच्या कानावर गेलं. तिचा फोन आला की घर विकून दोघं आमच्याकडे या, वेगळी खोली आहे, बाबांना टीव्ही आहे. बायको एवढंच म्हणाली, "बघते विचार करून."

मिस्त्री खिडकीपासून मागे फिरले. तीस वर्षं या घरात राहिलेली, दाराशी गिऱ्हाईक असलेली बाई विचार करते म्हणाली, म्हणजे काही खरं नव्हतं.

"तुला जायचंय?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दिवसभर असे येरझाऱ्या घालणार असाल, तर तिथे गेलेलं बरं. निदान नातवंडं तरी असतील बोलायला."

"मी काहीतरी करतो."

"काय करता?"

खरं तर त्यांनाही माहीत नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "बाल्कनीत भाजी लावतो. मातीशिवाय. पाण्यावर." दोन दिवसांपूर्वी मोबाइलवर असलं काहीतरी पाहिलं होतं, तेही अर्धंच. पाइप कसा जोडायचा इथपर्यंत आलं तेव्हा त्यांनी बंद केलं. पाइप जोडायला आता मोबाइल शिकवणार?

लेक तीन महिन्यांनी येणार होती. तेव्हा ठरवायचं, असं ठरलं. बाल्कनीत खाण्याजोगी भाजी उगवली तर इथेच राहायचं, नाहीतर घर विकायचं. मशीन आत सरकवून बायकोने बाल्कनी मोकळी करून दिली. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सुईत दोरा ओवताना तिचे डोळे दुखायचे.

पलंगाखाली जुन्या कामावरचा चार इंची पाइप पडून होता. त्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकाला आठ-आठ भोकं. भिंतीला एकाखाली एक असे बसवले. झाकणाच्या बादलीत जुन्या कूलरचा पंप टाकला. तो पाणी वरच्या पाइपात चढवणार, तिथून मधल्यात, खालच्यात, आणि परत बादलीत. प्लॅस्टिकच्या पेल्यांना तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली. ब्लाउजच्या खांद्यात घालायचा फोम बायकोकडे होता, त्याचे चौकोन पेल्यात बसवले आणि त्यात पालकाची रोपं. रोपवाटिकेतून खताची पावडर आणली. सगळे जोड सोल्युशन लावून पक्के. पाणी बाहेर पडायची वाट मिस्त्रींनी अगदी वर ठेवली, म्हणजे पाइप काठोकाठ भरलेला राहील आणि आत हवेला जागाच मिळणार नाही. खाली कागद अंथरला. पाव तास नाही, चांगला तासभर बसले. कागद कोरडा ठणठणीत.

"आता बघच," ते म्हणाले.

तीन आठवड्यांत चोवीसच्या चोवीस रोपं माना टाकून बसली. उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की शेजारणीने दार लावून घेतलं. मिस्त्रींनी पावडरीला शिव्या दिल्या. रोपवाटिकेत जाऊन तिथल्या माणसाशी भांडून आले. मग बियाणं बदललं, उन्हाला पडदा लावला, दोन दिवसांनी तो काढला. रोज पंप जास्त वेळ चालवून पाहिला. हातात काही नसलं तरी बोटं पाना फिरवल्यासारखी हलत राहायची. दुखऱ्या गुडघ्याने दिवसात तीस वेळा बाल्कनीत जायचे. बायको मोजत होती.

सडलेलं पाणी काढायला त्यांनी खालच्या पाइपाचं टोपण कापून काढलं होतं. नवीन बसवलं, पण जोडात ओल राहिली असावी. दुसऱ्या खेपेची रोपं लावली आणि ते टोपण गळायला लागलं. थेंब, थेंब. सकाळ-संध्याकाळ पंप चालवून पाइप भरायचा आणि दुपारपर्यंत खालचा अर्धा रिकामा.

मिस्त्रींना भर चौकात पायजमा सुटल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत जे कुणाच्या घरी झालं नाही ते स्वतःच्या घरी. त्यांनी थेंबाखाली वाटी ठेवली आणि कुणी आलं की वाटीपुढे उभे राहायचे. टेप गुंडाळली, भेगा बुजवायची लांबी लावली, थेंब येतच राहिला. शेवटी महिनाभराने, वरची सोळा रोपं पुन्हा पिवळी पडलेली असताना, त्यांनी ते टोपण पुन्हा कापून नवं बसवलं. कागद अंथरला. कोरडा. त्या दिवशी मिस्त्री पोटभर जेवले.

पाच दिवसांनी खालची आठ रोपंही कोमेजली.

"आता याला काय झालं?" ते बाल्कनीत उभ्या उभ्या ओरडले. "गळतीसुद्धा बंद केली!"

बायको कात्री खाली ठेवून आली. तिने खालच्या पाइपातलं एक रोप पेल्यासकट उचललं आणि उजेडात धरलं. मुळांचे शेंडे तपकिरी होते. वरच्या भागाला मात्र पांढरी, बारीक लव होती. मग वरच्या पाइपातलं एक उचललं. ते वरपासून खालपर्यंत काळं.

"गळत होतं तेव्हा ही बरी होती," ती म्हणाली.

"योगायोग."

"अहो, दुपारी पाणी अर्ध्यावर उतरायचं. मुळं अर्धी उघडी पडायची. तेव्हाच ही पानं वर बघायची. मी मशीनवरून उठून रोज बघत होते. यांना हवा लागते. तुम्ही काठोकाठ भरून बुडवून मारताय."

"लाइनीत हवा धरायची?" मिस्त्रींचा आवाज चढला. "मुद्दाम? मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. दिसलं ते सांगते."

मिस्त्री चपला घालून खाली गेले. इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. गुडघा ठणकायला लागला तरी थांबले नाहीत. बाई मशीनवर बसून सांगते आणि आपण चाळीस वर्षं या धंद्यात. राग खूप आला. मग चौथ्या फेरीत रागाखालून दुसरंच काहीतरी वर आलं: तिला दिसलं, आणि आपण वाटी लपवण्यात गुंग होतो. त्याची लाज वाटली. मोबाइलवरचं ते अर्धं राहिलेलं त्यांनी जिन्यात उभं राहून पुढे पाहिलं. तिथे पोरगेलासा माणूस सांगत होता की पाइप अर्धाच भरा, वर हवा राहू द्या.

वर येऊन त्यांनी ड्रिल काढलं. तिन्ही पाइपांच्या टोकांना, निम्म्या उंचीवर, नवं भोक पाडायचं होतं. स्वतःच्या हाताने पक्क्या केलेल्या, एक थेंब न गळणाऱ्या लाइनीला. ड्रिल लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बायकोने पाइपाचं दुसरं टोक धरलं.

आता पाणी एका पाइपातून दुसऱ्यात उंचावरून पडायला लागलं. पंप चालेल तितका वेळ टपटप. मिस्त्रींच्या कानांना त्या आवाजाची सवय नव्हती. प्रत्येक वेळी ते दचकून उठायचे, दाराशी जायचे आणि मग आठवायचं की हे गळायलाच हवं. तिसऱ्यांदा रोपं लावली तेव्हा महिना उरला होता.

लेक ठरल्या दिवशी आली. बाल्कनीत गेली, वाकून पाहिलं. चोवीस भोकांपैकी अकरांत पालक होता, पानं तळहाताएवढीसुद्धा नव्हती. तेरा पेले रिकामे.

"बाबा, तीन महिन्यांत एवढंच?" ती प्रेमानेच म्हणाली. "एका वेळची भाजी नाही होणार यात."

मिस्त्रींनी मनातल्या मनात पानं मोजली. हिशोब तिचा बरोबर होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं.

"आई, मग काय ठरलं? या महिन्यात निघायचं?"

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "नाही येत आम्ही."

"अगं पण का?"

"दोनदा मारलं यांनी हे सगळं. घाण वास, सगळीकडे पाणी, आठ-आठ दिवस यांचं तोंड वाकडं. तिसऱ्यांदा जगवलं. तुझ्याकडे वेगळी खोली आहे, टीव्ही आहे, सगळं आहे गं. पण तुझ्या त्या घरात यांना दोनदा चुकू कोण देईल?"

लेकीने बापाकडे पाहिलं. मिस्त्रींनी खुर्ची ओढली, बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत.